व्याह्यांचं आडनाव

माझ्या होणाऱ्या व्याह्यांना कोणीतरी आवरायला हवं होतं. माझ्या मुलीच्या लग्नासाठी इंग्लंडहून आलेला हा गोरा गृहस्थ विमानतळ ते घर एकाच विषयावर बोलत होता, तो म्हणजे स्वतःचं आडनाव. नागपूरच्या इतवारी बाजारात भांडी घ्यायला नेलं, तर दुकानदार बिचारा पाणी भरायचा पितळेचा गुंड पुसतोय आणि हे त्याला इंग्रजीतून आडनावाचा इतिहास ऐकवतायत. तो आपला 'येस, येस' करत होता. कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला, पण माझे दोन्ही हात पिशव्यांनी भरलेले.

त्या आडनावाचा अर्थ चामडं कमावणारा. शेकडो वर्षांपूर्वी त्यांचा कोणी पूर्वज नदीकाठी कातडी कमावायचा, झाडाच्या सालीच्या पाण्यात महिनोन्‌महिने भिजत घालायचा. लोक त्याला कामावरून हाक मारू लागले आणि तेच नाव पोराबाळांना चिकटलं. मधे कुण्या पाद्र्याने नोंद करताना एक अक्षर गाळलं, पुढच्याने ते परत घातलं, याचीही एक लांबलचक कथा होती. "वास इतका यायचा, की त्यांना गावाबाहेर राहायला लावायचे!" हे ते खदाखदा हसत सांगायचे. ते हसले की माझ्या अंगाची लाहीलाही व्हायची.

गावाबाहेर राहणं हा आमच्या घरात हसण्याचा विषय नाही. नरखेड तालुक्यातल्या आमच्या खेड्यात मेलेलं ढोर ओढून नेणं आमच्या घराकडे होतं, आणि गाव आम्हाला त्याच कामाच्या नावाने हाक मारायचं. छप्पन साली वडिलांनी नागपुरात दीक्षा घेतली. गावी परतल्यावर ते काम सोडलं, आणि ते नावही. गावाच्या नावाला 'कर' जोडून नवं आडनाव लावलं. जुन्या नावाने कोणी हाक मारली, तर ते वळूनसुद्धा बघत नसत. मी ते नाव आजवर तोंडातून काढलेलं नाही, मुलीसमोर तर नाहीच. व्याही रोज विचारायचे, तुमच्या आडनावाचा इतिहास काय? मी रोज सांगायचो, गावाचं नाव आहे, बस.

आणि आमची लेक लग्नानंतर व्याह्यांचं आडनाव लावणार होती!

"अगं, जगातली बाकीची आडनावं संपली का?" मी म्हणालो.

"बाबा, तुम्ही काहून एवढे चिडून राहिले? किती मस्त इतिहास आहे त्याले! पण आजी नको म्हणाली, तर नाही लावणार."

झालं! आता सगळं आईवर आलं. नव्वदीला टेकलेल्या माझ्या आईने सासरी ते सगळं डोळ्यांनी पाहिलेलं. तिने नको म्हणावं असं वाटत असेल, तर तिला अर्थ सांगायला हवा, आणि तेच माझ्याने होईना. तिने एकदा विचारलं, तेव्हा "व्यापारी लोक आहेत" असं सांगून वेळ मारून नेली. स्वतःचाच संताप येत होता आणि तो मी सगळा मांडववाल्यावर काढत होतो.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी व्याह्यांनी कहर केला. आईला इंग्रजी येत नाही म्हणून आडनावाचा अर्थ खुणांनी सांगायला त्यांनी टॉवेल मांडीवर पसरला आणि संत्र्याच्या बशीतला चमचा घेऊन ते त्यावर खरखर ओढून दाखवू लागले. आई एकटक बघत होती.

"चामड्याचं काम करत होते का गा हे लोक?" तिने मला विचारलं.

"हो. लई पूर्वी."

मग आई म्हणाली, "विचार त्याले, गावच्या विहिरीवर पाणी भरू देत होते का त्याच्या लोकायले?"

मी विचारलं. त्यांना प्रश्नच समजला नाही. पुन्हा विचारलं.

"का नाही भरू देणार?" ते म्हणाले. "गावचीच माणसं ना ती!"

मी ते आईला सांगितलं. तिने मान हलवली.

"मंग लावू दे पोरीले. ज्या नावापायी पाणी तुटलं नाही, त्याची कायची लाज?"

व्याही गोंधळले होते. "त्यांनी असं का विचारलं?"

मी सवयीने 'काही नाही' म्हणणार, तोच आईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "सांग त्याले. आता आपलंबी सांग."

मुलगी हातांवरची मेंदी सांभाळत जवळ येऊन बसली. मी तोंड उघडलं, पण ते नाव काही केल्या बाहेर निघेना. शेवटी आईनेच ते घेतलं, चांगलं मोठ्याने, आणि मला म्हणाली, "हं, आता याचा अर्थ सांग."