वाघमारे बाईंचं यंत्र

वाघमारे बाई समोरच्याशी बोलण्याआधी त्याचा चष्मा मागून घेत. पर्समधल्या मलमलीच्या तुकड्याने काचा पुसत, उजेडात धरून बघत आणि परत देताना म्हणत, "हं, आता बोला. आधी काच पुसावी, मग जगाला नावं ठेवावीत." पुण्याच्या आमच्या प्रयोगशाळेत साहेबांचा चष्माही यातून सुटला नव्हता.

हवेतले बारीक कण प्रकाश किती विखुरतात, हे मोजणारं यंत्र बाईंनी स्वतः घडवलं होतं. समुद्रावर त्याची चाचणी ठरली, तेव्हा जहाजावर बायकांची सोय नाही असं कळवण्यात आलं. मग मी निघालो. माझ्या हातात मलमल देत बाई म्हणाल्या, "अहो लिमये, खारे तुषार काचेवर बसले की स्वच्छ हवाही धुरकट ठरेल. रोज सकाळी पुसा. बाकीचं यंत्र बघेल, तुम्ही मध्ये पडू नका."

जहाजावर मला बोट लागली. बादली धरून मी खोलीत पडून राहिलो. आकडे आपोआप नोंदले जात होते, रोज चढत होते. काच मी एकदाही पुसली नाही. किनारा दिसल्यावर वर गेलो, तर तिच्यावर मिठाची पांढरी साय. ती मात्र लख्ख पुसून टाकली.

परतल्यावर प्रयोगशाळेतल्या बैठकीत बाईंनी एवढंच विचारलं, "काच रोज पुसत होतात ना?"

"हो."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. यंत्र समुद्रावर चालत नाही, असा शिक्का बसला आणि पुढच्या चाचण्या रद्द झाल्या. निवृत्त होईपर्यंत जेवणाच्या सुट्टीत बाई ते यंत्र उघडून बसत. "लिमये, माझंच कुठेतरी चुकलंय. सापडत नाही." मी डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर जाई.

गेल्या वर्षी सदाशिव पेठेत, डोळ्यांच्या दवाखान्यात त्या भेटल्या. फार थकल्या होत्या. मी म्हणालो, "मोतीबिंदू झालाय, बाई. सगळं धूसर दिसतं."

त्यांनी हात पुढे केला. "आणा तो चष्मा. मोतीबिंदूला नंतर नावं ठेवू."

आमचा नंबर यायला पुष्कळ वेळ होता. तरी मी सांगितलं नाही.

परवा त्यांच्या शोकसभेत कुणीतरी आदराने म्हणालं, "समुद्रावर यंत्र फसलं, पण बाई खचल्या नाहीत." सगळ्यांच्या माना हलल्या. माझीही हलली.

यंत्र फसलं नव्हतं. काच मी पुसली नव्हती.