अकरा ड्रायव्हर आणि एक सासू

न्हावऱ्यात मी घरी बसून काय काम करते, हे सांगताना माझीच पंचाईत होते. "कॉम्प्युटरवर लिहिते" म्हटलं की लोक मान डोलावतात. पण त्या दिवसांत मी लिहीत कुठे होते? पुसत होते. आणि पुसण्यात मला इतकी मजा येत होती की जेवायला हाका मारून मारून घरचे थकायचे.

कर्नल म्हणजे संगणकाच्या पोटातलं मूळ सॉफ्टवेअर. जगभरातली माणसं मेलवर एकमेकांचा कोड तपासत ते मिळून लिहितात. यंत्राच्या प्रत्येक भागासाठी त्यात एक ड्रायव्हर, म्हणजे तो भाग चालवणारा छोटा प्रोग्राम असतो. काम वाढलं की त्याने त्या भागाचं आधी व्होल्टेज वाढवायचं, मग वेग. काम ओसरलं की आधी वेग उतरवायचा, मग व्होल्टेज. बस, एवढंच. पण हे एवढंच मला अकरा ड्रायव्हरांत अकरा वेळा लिहिलेलं सापडलं. एकाने लिहिलं आणि बाकीच्यांनी शेजारच्याचं बघून उतरवलं. माझं डोकंच फिरलं. मी एकच फंक्शन, म्हणजे सगळ्यांनी मिळून वापरायचा कोडचा तुकडा लिहिला, अकरा ठिकाणचा कोड उपटून टाकला, आणि सोबतच्या पत्रात ही डोळे झाकून केलेली नक्कल आहे, असा टोमणाही मारला.

कर्नलच्या त्या भागाची जबाबदारी असलेल्या बाईंचं उत्तर आलं. काम आवडलं होतं त्यांना. पण अकरातला एक ड्रायव्हर ज्या चिपचा होता, ती आता फक्त जुन्या टीव्ही बॉक्समध्ये मिळते. त्यावर तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला तरी आठवडाभर चालवून बघू द्या, त्यांचं म्हणणं होतं, आणि तपासणाऱ्याचं नाव बदलाखाली लिहा. कर्नलच्या येणाऱ्या आवृत्तीत बदल घ्यायची मुदत संपायला दहा दिवस होते. हुकलं तर पुढे दोन-अडीच महिने वाट बघणं आलं. हे माझं पहिलं मोठं काम होतं आणि धीर नावाची गोष्ट माझ्याकडे नाही.

तसा एक बॉक्स आमच्याच घरात होता, सासूबाईंच्या टीव्हीखाली.

"आन् माझी मालिका?" आई म्हणाल्या.

"मालिका बघण्यासाठीच तर चालवायचाय, आई. तुम्ही फक्त बघा आणि मला सांगा."

आईंनी गावच्या दूध संकलन केंद्रावर कितीतरी वर्षं फॅट तपासलीय. शंका आली की सॅम्पल परत लावल्याशिवाय आकडा सांगायच्या नाहीत, समोरचा कितीही तणतणला तरी. हे मला आधीच आठवायला हवं होतं.

मी बॉक्सवर माझा नवा कोड चढवला, आणि पहिल्याच संध्याकाळी मालिकेची नायिका दारात उभी राहिली ती राहिलीच. बॉक्स बंद करून चालू केला, परत तेच. दुसऱ्या दिवशी आई मला समोर बसवून म्हणाल्या, "नुसतं बघताना अडकत न्हाई. मी भाकरी बघाया उठले, थांबवलं, आन् परत चालू केलं की अडकतंय."

थांबलेलं चित्र पुन्हा सुरू होताना काम एकदम वाढतं. मी धावत जाऊन जुना ड्रायव्हर उघडला. व्होल्टेज वाढवल्यावर त्यात क्षणभर थांबायची एक ओळ होती, कारण त्या चिपचं व्होल्टेज सावकाश चढतं. मी ती कचरा समजून फेकली होती! डोळे झाकून काम केलं होतं ते मीच. कान गरम झाले, मग हसूच फुटलं. थांबायची सोय मी सामाईक फंक्शनमध्ये घातली आणि टोमण्याबद्दल सगळ्यांसमोर माफी मागितली.

बॉक्स झकास चालू लागला. तीन दिवसांनी मी म्हटलं, "आई, टाकू ना नाव?"

"अजून न्हाई."

"एकदाही अडकलं नाही की!"

"त्यांनी आठवडा म्हणलंय ना? मग आठवडा."

आता त्या उगाचच थांबवायच्या. लग्नाच्या सीनमध्ये, भांडणात, रडारडीत. थांबव, चालू कर, थांबव, चालू कर. सासरे वैतागले. "आगं, अक्षता तरी पडू दे!"

"तुम्ही गप बसा. तपासणी चाललीया."

सातव्या दिवशी मालिकेचा भाग संपला तेव्हा मुदतीला एकच दिवस उरला होता, आणि माझी नखं संपली होती. आईंनी माझ्याकडे बघितलं. "टाक माझं नाव."

मी तिथल्या तिथे मेल पाठवला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या बाईंचं उत्तर आलं, बदल घेतला म्हणून. मी किंचाळत स्वयंपाकघरात गेले आणि आईंना मिठीच मारली.

"आई, तुमचं नाव कर्नलमध्ये गेलं! आता ते कुणी काढत नाही. साऱ्या जगाला दिसणार!"

"दिसू दे की," त्या पिठाचे हात वर धरून म्हणाल्या. "पर कुठं अडकलं, तर आता लोक मला इचारतील. तुला न्हाई." आणि हात पुसत टीव्हीकडे गेल्या, अजून एकदा थांबवून बघायला.