बिब्ब्याचा डाग

माझ्या मुलीने हातावर टॅटू काढून घेतला आणि मी तिच्यावर उखडले. ती मोहर्लीला एका रिसॉर्टच्या काउंटरवर बसते. नोकरी घालवशील, म्हणून तिला बरंच सुनावलं. ती शांतपणे म्हणाली की पाहुणेच कौतुकाने विचारतात, कुठे काढलास म्हणून. मग मी नीट पाहिलं. मनगटापासून कोपरापर्यंत ठिपक्यांच्या ओळी, मध्ये शिडी. माझ्या आईच्या हातावर आहे तेच गोंदण. एकेकाळी माझ्याही हातावर होतं.

मी लहान असताना कुरखेड्याजवळच्या आमच्या गावात गोंदणारी बाई आली होती. आईने मला मांडीत दाबून धरलं होतं. सोनंनाणं इथेच राहतं, गोंदण तेवढं सोबत येतं आणि वर गेल्यावर त्यावरूनच आपली माणसं आपल्याला ओळखतात, असं आमच्याकडे मानतात. सुजलेला हात मी आठवडाभर मिरवला होता.

पुढे नर्सिंग शिकायला चंद्रपूरला गेले. वसतिगृहातल्या मुली माझा हात पाहून हसायच्या, जंगलातून आली म्हणायच्या. गावात चामखीळ जाळायला बिब्बा लावतात, तोच मी गोंदणावर चोळला. केवढी ती अक्कल! हात फोडांनी भरला, महिनाभर चिघळला. ठिपके गेले खरे, पण तिथे जाड, खडबडीत डाग बसला. आई रागावली असती तर बरं झालं असतं. तिने एवढंच विचारलं, "वर गेल्यावर तुले कायवरून ओळखू मी?"

तेव्हापासून मी पूर्ण बाह्यांचे ब्लाउज घालते. दवाखान्यात लोकांच्या दंडाला सुया टोचण्यात जन्म गेला, पण स्वतःचा हात कोणाला दाखवला नाही. आधी वसतिगृहातल्या मुलींची लाज वाटायची, नंतर आईचीच वाटू लागली.

परवा मुलीला घेऊन आईकडे गेले. आईला आता दिसत नाही. नातीने गोंदून घेतल्याचं ऐकून तिने तिचा हात चाचपला, गोंदताना रडली का ते विचारलं. मलम लावून हात बधिर केला होता, हे ऐकून ती खूप हसली. मग तिने माझा हात ओढला आणि बाही वर सारली. मला हात काढून घ्यायचा होता, पण तिची बोटं डागावर थांबली.

"गोंदन बोटाले लागत नाई," ती म्हणाली. "हा डाग लागते. तुले मी याच्यावरूनच ओळखीन."

परतताना एसटीत मी बाही खाली केली नाही.