काट्याला टांगलेली पोरगी

मालकिणीनं मला कापसाच्या फडक्यात बसवलं आणि गाठोड्यासारखं काट्याला टांगलं. राळेगावकडचं वावर. संध्याकाळी कापूस मोजायची वेळ. शाळा बुडवून मी मायसोबत वेचायला जायची. माझे पाय लोंबत होते. मालकीण सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, "पाहा वं, खाते म्हशीवानी अन् येचते चिमणीवानी. या लोकायचं पोटच भरत नाही."

बाया हसल्या. माझी मायही हसली. त्या साली कापसाला भाव नव्हता, बायांची कामं सुटत होती. ती हसली नसती तर दुसऱ्या दिवशी आम्ही घरी बसलो असतो. हे आज कळतं. तेव्हा फक्त तिचं हसणं दिसलं.

घरी आल्यावर मी भाकर मागं सरकवली. पुढे वसतिगृहात जेवायची आणि मोरीत जाऊन ओकायची. शिकले, नोकरीला लागले, पण ओकणं सुटलं नाही. सांगणार कोणाला? आमच्या बुद्धवाड्यात माणसं भाकरीसाठी झिजली आणि मी ती मोरीत टाकत होते. अशा लाजेला सोबत नसते. माय गेली, तिलाही सांगितलं नाही.

शेवटी ओकून ओकून किडन्या गेल्या. यवतमाळला डायलिसिस सुरू झालं. तिथंही दर वेळी आधी काटा, आणि वॉर्डभर वजनाचा पुकारा. डॉक्टरांनी सगळ्यांना सांगतात तेच सांगितलं. हे बंद, ते बंद, बेतानं खा. मला आनंद झाला. उपाशी राहायला आता डॉक्टरचीच परवानगी होती. मी वाळत गेले.

एकदा डॉक्टर वैतागले. "जेवत का नाही?"

पहिल्यांदाच खरं बोलले. खाल्लेलं ओकते, लहानपणापासून.

ते हसले. "अहो, हा श्रीमंतांच्या पोरींचा आजार. तुमच्या लोकांत कुठून येणार? खायला मिळालं नसेल, तसं सांगा ना."

नर्सही हसली. मायला हसावं लागलं होतं. मी हसले नाही.

"मिळत होतं, साहेब. माय राबून आणत होती, ओकत मी होती. लिहा ते कागदावर. काय खाऊ नको ते सांगतलं, आता काय खाऊ ते सांगा. अन् माह्यं वजन मोठ्यानं बोलायचं नाही."

माझ्या बाजूनं वॉर्डात कोणी नव्हतं. डॉक्टरांनी पेन उघडलं.

आता काट्यावर मी आकड्याकडे पाठ करून उभी राहते. सांगितलेलं सगळं, सगळ्यांदेखत खाते. घास अजून वर येतो. मी तो गिळते. म्हशीवानी खाते म्हणा. कोणाच्या काट्यासाठी पुन्हा हलकी होणार नाही.