जनूकाकांची चाकं

पावसाळ्यात आमच्या शेजारच्या जनूकाकांकडे पाहुणा आला, तर त्याला जमिनीवर झोपावं लागे. पलंगावर काकांच्या फियाटची चाकं असत. सत्तरच्या दशकात निर्मळच्या आमच्या वाडीत मोटार ती एकच. चिखलात रबर कुजतं, अशी काकांची ठाम समजूत. आषाढ लागला की ते गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवत आणि चारही चाकं पुसून, जुन्या चादरीत गुंडाळून घरात आणत. काकींची तक्रार नसते, असं ते सांगत. काकींना कोणी विचारलं नव्हतं.

काका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. हाताखाली माणसं उरली नव्हती, म्हणून टायर होते. पंक्चरवाल्याला फाटकाच्या आत प्रवेश नव्हता. "जॅक म्हणजे पाहुणा. त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये," हे त्यांनी मला, माझ्या वडिलांना आणि एकदा सत्यनारायणाला आलेल्या भटजींनाही ऐकवलं होतं. नट समोरासमोरचे आवळायचे, आधी हलके, मग चाक जमिनीला टेकल्यावर घट्ट. सगळं अगदी बरोबर. इतक्या बरोबर माणसाला थांबवायचं कसं, हे वाडीत कोणालाच कळत नव्हतं.

एका श्रावणात भर दुपारी काकींच्या पोटात कळा सुरू झाल्या. वसईला दवाखान्यात न्यायलाच हवं होतं. मी धावत गेलो, तेव्हा काकी ओटीवर पोट धरून वाकल्या होत्या आणि काका अंगणात पहिल्या चाकाची हवा मोजत होते.

"काका, टेम्पो बघू का?"

"घरची गाडी असताना टेम्पो कशाला? चारच तर चाकं आहेत!"

दोन बसली. तिसऱ्याच्या वेळी जॅकखालची फळी ओल्या मातीत तिरकी झाली, म्हणून काकांनी जॅक उतरवला आणि जमीन सपाट करायला घेतली. तेवढ्यात केळी न्यायला आलेला कामणचा टेम्पोवाला आत डोकावला.

"काका, तुमचे नट कोन पळवत नाय. बाईंना आधी नेऊ," म्हणत त्याने भराभर घड खाली उतरवले. आम्ही काकींना झोपवून निघालो.

"पाचच मिनिटं थांबा!" काका पाना उंचावून ओरडत होते.

डॉक्टर म्हणाले, आणखी तासाभरात अपेंडिक्स फुटलं असतं.

मग काका रोज डबा घेऊन दवाखान्यात येत. काकी डबा घेत, बोलत नसत. दहा दिवसांनी घरी सोडलं, तेव्हा दवाखान्याच्या दारात फियाट उभी होती, धुतलेली, चारी चाकांवर. काकी तिच्या शेजारून गेल्या आणि माझा हात धरून एस.टी.त चढल्या. काका फियाट घेऊन मागोमाग निघाले. एस.टी. थांबली की तेही थांबत. तिसऱ्या थांब्यावर ते भर पावसात उतरून खिडकीशी आले. जन्मात कोणापुढे चूक कबूल न केलेला हा गृहस्थ सगळ्या बसदेखत म्हणाला, "अगं, चुकलं माझं. उतर ना."

काकींनी एकदाच त्यांच्याकडे पाहिलं.

"नको. माझ्या वजनानं टायर झिजतील."

कंडक्टरने घंटी मारली. मला हसू फुटलं. मग काकी रडताहेत, हे दिसलं.