ताईंच्या घरी ठेवलेली बादली

किल्लीवाल्यांची बोटं फिरली की कुलूप लाजून उघडायचं. तीस वर्षं हाच धंदा. त्यामुळे झालं काय, की बंद वस्तू दिसली की यांच्या हाताला खाज! डबा असो, पाकीट असो, बायकोची पर्स असो. आणि अशा माणसाने छंद कोणता लावून घ्यावा? तर घरी बिअर करायचा. म्हणजे माल्ट उकळा, हॉप्सची कडसर फुलं टाका, गार झालं की यीस्ट घाला, बादलीचं झाकण घट्ट लावा आणि दोन आठवडे तिकडे फिरकू नका. आता बोला!

चार वेळा केली, चारही वेळा आंबट ढाण. कारण गृहस्थ रोज सकाळी उठल्या उठल्या झाकण उघडून आत डोकावणार.

"फेस आलाय का, तेवढं बघतो."

"अहो, बादली आहे ती, पाळणा नाही," बायको म्हणायची.

कोपऱ्यावर एका बाईंचं बिअरघर होतं, मागच्या खोलीत स्वतःची बिअर करायच्या. किल्लीवाल्यांनी त्यांचं कुलूप बदलून दिलं, तेव्हा बाईंनी खुश होऊन चार छोटे ग्लास पुढे ठेवले. एकाला संत्र्याच्या सालीचा वास, एक काळीकुट्ट, करपलेल्या पावासारखी. हे डोळे मिटून चाखतायत, चाखतायत, आणि तिसऱ्या ग्लासाला जीभ सैल सुटली.

"घरी मीसुद्धा करतो. फर्स्टक्लास होते."

"मग आणा की! पाच आठवड्यांनी शनिवारी दुपारी घरी करणारे सगळे जमतात इथे. ज्याची आवडेल, त्याची आमच्या मोठ्या टाकीत करू."

स्वतःची बिअर, टाकीभर! गडी तरंगतच घरी आला आणि बादली दिसताच मटकन खाली बसला.

"कुलूप लावू का झाकणाला?" बायकोने विचारलं. यांचा हात लगेच खिशातल्या जुडग्याकडे गेला. "बरोबर. तुम्हाला कुलूप म्हणजे आमंत्रणच."

मग तिने शक्कल लढवली. बादली भरली, गाडीत मागच्या सीटला पट्टा बांधून बसवली आणि नेऊन ठेवली थेट आपल्या मोठ्या बहिणीकडे. या ताई ऑपरेशन थिएटरच्या रिटायर्ड नर्स. त्यांच्यासमोर मोठमोठे सर्जन चळाचळा कापायचे, तिथे आमच्या जावईबापूंची काय कथा!

पाचव्या दिवशी हे हजर. "ताई, तुमचं कुलूप कुरकुरतंय म्हणे."

"कोण म्हणे?"

"असंच... कानावर आलं."

"पाणी प्या आणि घरी जा."

दोन आठवड्यांनी बाटल्या भरल्या त्याही ताईंनीच. आधी प्रत्येक बाटली सुऱ्या-कात्र्या उकळाव्यात तशी उकळून घेतली. किल्लीवाल्यांनी उंबऱ्याबाहेर उभं राहून फेस धरायला बाटलीत घालायच्या साखरेचं माप तेवढं सांगायचं. वीस बाटल्या भरून तिथेच मुरत ठेवल्या. ठरलेल्या शनिवारी न्यायला गेले तर एकोणीस.

"एक कमी आहे, ताई."

"तपासणीला गेली," ताई म्हणाल्या. कशी होती, ते काही सांगेनात!

बिअरघरात बाईंनी ग्लास उजेडात धरला, वास घेतला, घोट घेतला आणि खाली ठेवला. चेहऱ्यावरची रेघ हलेना. किल्लीवाले खिशातला जुडगा कुरवाळत उभे. मागच्या टेबलावर दोघी बहिणी. बाईंनी ग्लास परत उचलला आणि सरळ रिकामा केला.

"टाकीत हीच करायची. काय वेगळं केलंत हो यात?"

यांचं पाण्याच्या तापमानावर व्याख्यान तयार होतं. तोंड उघडलंही. पण मागून ताईंनी घसा खाकरला.

"काही नाही," हे म्हणाले. "यावेळी मला काही करूच दिलं नाही."

सगळं बिअरघर खो खो हसलं, सगळ्यात मोठ्याने बायको.

पुढच्या आठवड्यात टाकी भरली. शेजारी खुर्ची टाकून ताई विणत बसलेल्या. किल्लीवाले हळूच एक पाऊल पुढे सरकले.

"ताई, फेस आलाय का, तेवढंच..."

"दुसरी खुर्ची आहे तिकडे. बसा."

आणि काय सांगावं, बसले!