गच्चीवरचं अस्वल

अस्वलाची विष्ठा वाळवायला मे महिन्यातली इंदूरची गच्ची फार चांगली. दोन दिवसांत खडखडीत होते. वासही आपल्याला वाटतो तेवढा घाण नसतो. अस्वलानं मोहाची फुलं खाल्लेली असतील तर आंबूस, गोडसर येतो. वाळवी खाल्लेली असेल तर पावसाळ्याआधीच्या कोरड्या मातीसारखा.

हे मी आता लिहिते आहे, पण राजेंद्र नगरमध्ये ज्यांच्या घरी मी वरची खोली भाड्यानं घेतली आहे, त्या काकूंना सांगायला जमलं नव्हतं. त्यांनी एकदा विचारलं होतं, "बेटा, हे छत पर काय सुकवायला ठेवते तू?" मी म्हटलं, "ऑफिसचं आहे, काकू." त्यावर त्या "बरं बरं" म्हणाल्या. 'ऑफिस' हा शब्द दारासारखा लोटून घेता येतो. पलीकडचा माणूस सहसा पुन्हा वाजवत नाही.

काकू खाली एकट्या राहतात. त्यांचे यजमान रेल्वेत होते, ते गेले. मुलगा बंगळूरला असतो. मी नाशिकहून इथे नोकरीसाठी आले आणि वर्षभर आम्ही दोघी एकाच घरात, पण जिन्यात समोरासमोर आलो तरच बोलायचो. संध्याकाळी मी फाटक उघडायचे तेव्हा त्यांचा टीव्ही इतका मोठा चाललेला असायचा की मी चप्पल हातात घेऊन, आवाज न करता वर जायचे. मला वाटायचं, त्यांना कुणी मध्ये आलेलं आवडत नसावं. मला स्वतःला तरी आवडत नाही.

आमचं ऑफिस पोलोग्राउंडला, एका वर्कशॉपच्या वरच्या दोन खोल्यांत आहे. खाली दिवसभर लेथचं यंत्र फिरत असतं. इंदूरच्या दक्षिणेला माळव्याचं पठार संपतं आणि जमीन नर्मदेकडे तुटत जाते, तिथल्या जंगलात कुठल्या नाल्यात अस्वलं आहेत आणि कुठल्यात नाहीत, हे पाहणं आमचं काम. अस्वल स्वतः क्वचित दिसतं. दिसते ती त्याची विष्ठा. ती आधी वाळवायची, मग पाण्यात भिजवून चाळणीतून धुवायची. चाळणीत मागे राहतं ते त्याचं जेवण: बोराच्या, जांभळाच्या, टेंभुर्णीच्या बिया, बहाव्याच्या चपट्या बिया, मुंग्यांचे पाय, वाळवीची गंजाच्या कणांएवढी डोकी. शाळेत मला मराठी निबंधात नेहमी कमी मार्क असायचे, पण झाडांची ही नावं मला इंग्रजीच्या आधी मराठीत आठवतात. आईनं शिकवली होती.

ऑफिसचं वाळवायचं यंत्र उन्हाळ्याच्या सुरुवातीला जळलं. सर म्हणाले, घर में धूप है ना, वहीं सुखा लो. म्हणून गच्ची.

त्या वेळी गच्चीवर एका नाल्यातले नमुने होते. त्या नाल्यातल्या अस्वलाचा एक फोटो ऑफिसच्या भिंतीवर लावला आहे. मी रुजू होण्याआधीचा, दोन उन्हाळ्यांपूर्वीचा. झाडाला बांधलेल्या आपोआप टिपणाऱ्या कॅमेऱ्यानं काढलेला. मादी चालली आहे, तोंड पांढुरकं, अंगावरचे केस असे वाढलेले की पाठीवर काळं गवत उगवलं असावं. त्या केसांना धरून दोन पिल्लं पाठीवर बसली आहेत. बाकीच्या अस्वलांच्या आया पिल्लांना असं अंगावर घेऊन फिरत नाहीत. हिच्या जातीची फिरते, कारण हिच्या जंगलात वाघ, बिबटे, दुसरी नर अस्वलं असं सगळं असतं आणि पिल्लू पाठीवर असलं की भांडतानाही हरवत नाही. बाप कुठेच नसतो. फोटोत एक पिल्लू पुढे बघतंय आणि दुसरं मागे, आपण जिथून आलो तिकडे. मला मागे बघणारं आवडायचं. डबा खाताना मी त्या भिंतीकडे तोंड करून बसायचे.

मार्चमध्ये त्या नाल्यात आग लागली. मोहाची फुलं वेचता यावीत म्हणून लोक झाडाखालचा पाचोळा जाळतात, ती पसरली असावी. आमचा कॅमेरा वितळून एक काळा गोळा झाला. आमच्याकडे कॅमेरे थोडे आणि नाले जास्त, म्हणून सरांनी ठरवलं होतं: आगीनंतरही तिथे अस्वल आहे याचा पुरावा मिळाला तर थंडीत तिथे पुन्हा कॅमेरा लावू, नाहीतर तो नाला सोडू. एप्रिलच्या शेवटी आमच्या माणसांनी तिथून काही नमुने आणले. ते अस्वलाचेच आहेत हे धुतल्याशिवाय सांगता येत नव्हतं. मोह खाल्लेलं रानडुक्कर आणि मोह खाल्लेलं अस्वल, वरून पाहून बरेचदा फसायला होतं. मी प्रत्येक नमुना खाकी कागदात बांधला, कागदावर पेन्सिलनं जागा लिहिली, पुड्या अर्धवट उघड्या ठेवल्या, वर चाळण्या पालथ्या घातल्या. आणि दुसऱ्या जंगलात दोन दिवस कामाला गेले.

परत आले तर गच्ची धुतलेली होती. चाळण्या साबणानं घासून भिंतीला टेकवल्या होत्या. काकू पाठोपाठ वर आल्या, गुडघ्यावर हात ठेवत.

"आलीस? बघ, तुझी छत कशी चकाचक करून दिली. काल आंधी आली ना, सगळं फैलावून गेलं होतं."

"त्या पुड्या, काकू?"

"दिल्या ना गाडीत. आणि अशाच नाही हं दिल्या. बसून एकेक पुडी खोलली. कागद सूख्यात टाकला. आतलं ते पत्ते, बिया, मिट्टी, ते गीले में. गाडीवाली तर म्हणाली, आंटीजी, पूरी कॉलनी में आप जैसा कोई नहीं करता."

त्यांचा चेहरा इतका खूश होता. मी गच्चीच्या कठड्याजवळ उभी राहिले. दुसऱ्या कुठल्याही शहरात त्या पुड्या जशाच्या तशा उकिरड्यावर पडल्या असत्या आणि मी जाऊन शोधल्या असत्या. इथे कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते आणि लोक ओला-सुका वेगळा केल्याशिवाय तिच्यासमोर जायला लाजतात. जागेचं नाव एका डब्यात गेलं होतं आणि अस्वल दुसऱ्यात.

"काही चुकलं का बेटा? काम का होतं का ते?"

"नाही काकू. झालं होतं ते."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात सांगावं लागलं. सर रागावले नाहीत. रागावले असते तर कदाचित मी काही बोलले असते. एका सहकाऱ्यानं खुर्ची मागे झुकवून म्हटलं, "लो भिया, भालू भी कचरा गाडी ले गई!" सगळे हसले. मीही हसले. सर म्हणाले, "चलो, छोड़ देते हैं वो नाला. और बहुत हैं." मला म्हणायचं होतं की पावसाआधी मला एकदा तिथे जाऊ द्या. वाक्य तोंडात तयार होतं. खाली लेथ सुरू झालं, आवाज थांबेपर्यंत सर आपल्या टेबलाकडे वळले होते.

मी जेवायला बसले तेव्हा भिंतीकडे पाठ करून बसले.

रविवारी सकाळी काकू गच्चीवर पापड घालत होत्या. मी दोरीवर कपडे टाकत होते. त्या पापड उलटत म्हणाल्या, "तुझं ऑफिसचं सुकवणं बंद झालं वाटतं?"

का कुणास ठाऊक, पण मी म्हणाले, "काकू, ती अस्वलाची विष्ठा होती."

त्यांचा हात पापडावर तसाच थांबला. "म्हणजे... शी?"

"हो."

"रीछ की?"

"हो."

"आणि मी हातानं..." त्यांनी दोन्ही हात समोर धरून पाहिले, जणू अजून काही लागलेलं असेल. "हाय राम! आणि बाजूला माझे मूंग के पापड सुकत होते!" मग त्या हसायला लागल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत, खोकला येईपर्यंत. "अगं बेटा, पहले नाही सांगायचं? त्या गाडीवालीला मी काय दिलं! रीछ की शी, आणि ती मला शाबाशी देऊन गेली!"

मलाही हसू आलं. एवढ्या मोठ्यानं मी त्या घरात पहिल्यांदाच हसत होते.

हसणं ओसरल्यावर त्या पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसल्या. म्हणाल्या, "मी रीछवर बसली आहे, माहीत आहे? लहान होते. आम्ही कृष्णपुऱ्याजवळ राहायचो. नदीकडे त्या राजेलोकांच्या समाधीच्या छत्र्या आहेत ना, तिथे एक मदारी रीछ घेऊन यायचा. जी पोरं झोपेत दचकायची, त्यांना घरचे रीछच्या पाठीवर बसवायचे. एक चक्कर मारली की डर निघून जातो म्हणत."

"तुम्ही दचकायचात?"

"फार. बाबूजींनी उचलून ठेवलं मला. केस कसे होते सांगू, नारळाच्या शेंडीसारखे, आणि खाली अंग आगीसारखं गरम. मी मुठी आवळून धरले. रडायला पण आवाज नाही. आणि तोंडात समोर दातच नव्हते त्याच्या, लाळ गळायची."

मी सांगितलं की वरचे पुढचे दोन दात त्यांना जन्मापासून नसतातच. तिथे फट असते. वारूळ नखांनी फोडायचं, तोंड भोकाला लावायचं, आधी फुंकून माती उडवायची, मग त्या फटीतून वाळवी ओढून घ्यायची. माती आत जाऊ नये म्हणून नाकपुड्या मिटता येतात. ओढायचा आवाज जंगलात लांबून ऐकू येतो. पण सुळे असतात, मोठे. ते मदारी लोक उपटून काढायचे. नाकात सुई घालून दोरी ओवायचे.

काकूंनी पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "आणि आपण त्याच्यावर बसून डर काढत होतो."

"गेला का मग डर?"

"कुठे गेला गं." त्या पापडांवरून माशी हाकलत राहिल्या. "संध्याकाळ झाली की अजून टीव्ही मोठा करून बसते. घरात माणसं आहेत असं वाटावं बाहेरच्याला. तू कधी येते, कधी वर जाते, मला पत्ताच लागत नाही. एकदम वरून खुर्ची सरकल्याचा आवाज येतो आणि मी दचकते."

मी त्यांना ऑफिसच्या भिंतीवरच्या फोटोतली मादी, तिच्या पाठीवरची दोन पिल्लं, नाल्यातली आग, सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "मग आता त्या रीछणीचं काय होणार?"

"तिचं काही नाही होणार. आम्ही तिकडे बघणं सोडून देऊ."

"मग साहेबांना विचार ना, एकदा जाऊ द्या म्हणून."

"मला नाही जमत काकू विचारायला."

"तुला बसवायला हवं होतं रीछवर," त्या म्हणाल्या.

सोमवारी मी विचारलं. बसमध्ये वाक्य पाठ केलं होतं, नम्र आणि कारणांसकट. प्रत्यक्षात सगळ्यांसमोर, लेथ चालू असताना, त्यामुळे ओरडूनच, एवढंच निघालं: "सर, मुझे नाले में एक बार और जाना है!" सरांनी मान वर केली. म्हणाले, परवा जीप त्या बाजूला जाते आहे, ऊन चढायच्या आत परत या. ज्यासाठी मी तीन रात्री नीट झोपले नव्हते, ते इतकं छोटं होतं.

नाल्यात सगळं काळं होतं. फांद्या, दगड, जमीन. मोहाची मोठी झाडं उभी होती, खोड जळून वर मात्र तांबूस पालवी. वनरक्षक पुढे चालत होता, काठी दगडांवर आपटत आणि मधूनमधून उगाच खोकत. अस्वलाला नाक सोडलं तर फारसं काही नीट कळत नाही. वाळवी ओढण्यात गुंगलेलं असलं की माणूस अगदी जवळ येईपर्यंत पत्ता नसतो, आणि मग ते अंगावर येतं. बहुतेक वेळा रागानं नाही, दचकून. म्हणून आपण येतो आहोत हे आधी ऐकवायचं असतं.

विष्ठा कुठेच मिळाली नाही. दोनदा वाटलं आणि दोनदा डुकराची निघाली. ऊन चढायला लागलं, वनरक्षक म्हणाला, "मैडमजी, अब लौटें." तेव्हा वळणावर, खडकाला टेकून, ते वारूळ दिसलं.

वारूळ बाहेरून आगीनं काळं पडलेलं होतं. आणि एका बाजूनं फोडलेलं. आतली लाल माती बाहेर, राखेच्या वर पसरली होती. राखेखाली नाही, वर. म्हणजे आगीनंतर. भिंतीवर नखांचे लांब ओरखडे होते, आणि आत एक गोल भोक, कडा गुळगुळीत, जिथे तोंड दाबून धरलं होतं. खालच्या राखेत मागच्या पायाचा ठसा होता, अनवाणी माणसाच्या तळव्यासारखा. मी गुडघ्यांवर बसले. फोटो काढले, मोजमाप घेतलं. नाला राहणार होता. थंडीत इथे कॅमेरा लागणार होता.

मग मी लहान ठसे शोधायला लागले. वनरक्षक सावलीत थांबून पाहत होता. वारुळाभोवती, खडकापलीकडे, खालच्या वाळूत, जिथे ठसा उमटला असता त्या प्रत्येक जागी पाहिलं. मोठेच होते, एकाच जनावराचे. पिल्लं दोन-अडीच वर्षांची झाली की आईला सोडून आपापल्या वाटेनं जातात, आणि फोटोतली आता तेवढी झाली असती. वेळ झाली म्हणून गेली असतील. किंवा आगीत गेली असतील. मातीवरून ते कळत नाही. ही तीच मादी, की एखादा वाटसरू नर, हेही कळत नाही. एकटं असणं हे अस्वलाच्या बाबतीत वाईट लक्षण नाही, मोठ्या अस्वलाचं राहणंच तसं असतं. हे मला पाठ आहे. तरी परतताना जीपमध्ये मी तोंड खिडकीकडे ठेवलं.

ऑफिसात फोटो दाखवून घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. फाटकापर्यंत टीव्ही ऐकू येत होता, कुठलीतरी मालिका, कुणीतरी रडत होतं. मी सवयीनं चप्पल काढायला वाकले. मग काढली नाही. फाटकाची कडी वाजवून लावली आणि जिना पाय आपटत चढायला लागले.

अर्ध्या जिन्यात होते तेव्हा टीव्हीचा आवाज कमी झाला.

"आली का बेटा?" खालून काकूंनी विचारलं. "मिळाली रीछणीची खूण?"

"मिळाली, काकू."

"आणि पिल्लं?"

मी कठड्याला धरून उभी राहिले. "नाही दिसली," मी म्हटलं, आणि दोन पायऱ्या खाली उतरले.